मित्रास पत्र : क्रो लोकांचे शेवटचे युद्धप्रमुख

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज वाचला. गावातल्या माजी सैनिकांच्या आठवणी रेकॉर्ड करायचं मनावर घेतलंयस, फार म्हणजे फारच बरं वाटलं. फोनच करणार होतो पण आपलं फोनवरचं बोलणं दोन मिनिटांत पोरांच्या अ‍ॅडमिशनवर नाहीतर पावसावर जातं, म्हणून सावकाश लिहायला बसलोय. तू विचारलंस की म्हाताऱ्या फौजी माणसाला विचारायचं काय, ते लोक "झालं ते झालं" म्हणून गप्पच बसतात. त्यावर मला एकच माणूस आठवतोय. मेडिसिन क्रो आजोबा. मागे त्यांचा फोटो पाठवला होता बघ तुला, डोक्यावर गरुडाच्या पिसांचा मोठा मुकुट, तेच.

जोसेफ मेडिसिन क्रो. जन्म 27 ऑक्टोबर 1913, अमेरिकेतलं मोंटाना राज्य, लॉज ग्रास नावाच्या गावाजवळ, क्रो या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या राखीव प्रदेशात. गेले 3 एप्रिल 2016 ला, वयाच्या 102 व्या वर्षी. त्यांचा जन्म झाला तेव्हा त्यांच्या जमातीतल्या बहुतेकांना अमेरिकेचं नागरिकत्वसुद्धा नव्हतं बघ, सगळ्या मूळ रहिवाशांना ते मिळालं 1924 च्या कायद्याने, म्हणजे ज्या देशासाठी हा माणूस पुढे लढला त्या देशाचा कायदा त्याला दहा वर्षांचा होईपर्यंत आपला मानायला तयार नव्हता. आणि जमीन? 1851 च्या तहात क्रो लोकांची म्हणून सुमारे 3 कोटी 80 लाख एकर जमीन मान्य केली होती, 1868 च्या तहात ती 80 लाखांवर आली आणि आज राखीव प्रदेश उरलाय साधारण 23 लाख एकरांचा. हे आधी सांगतोय कारण नाहीतर पुढची सगळी गोष्ट नुसती शौर्यकथा वाटेल.

लहानपणी आईकडच्या आजोबांनी पोराला जुन्या पद्धतीने घडवलं. बर्फात अनवाणी पळवायचं, गारठलेल्या नदीत अंघोळ घालायची. वास्तविक तोवर लढाया संपून जमाना झालेला, पण शिक्षण चालू. आणि घरात कोण यायचं माहितीये? लिटल बिगहॉर्नच्या लढाईतले म्हातारे! जून 1876 मधली ती लढाई, जिच्यात लकोटा आणि शायेन या दुसऱ्या मूळ जमातींच्या लोकांनी अमेरिकन लष्कराच्या जनरल कस्टरचा पार फडशा पाडला. क्रो लोक त्यात अमेरिकन लष्कराच्या बाजूने होते, त्यांचे काही तरुण कस्टरचे वाटाडे होते. तू लगेच विचारशील की हे काय, स्वतःच्याच लोकांविरुद्ध? अरे पण लकोटा त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वैरी, त्यांच्या शिकारीच्या मुलखात घुसलेले, त्यामुळे क्रो प्रमुखांनी विचार करून ठरवलं होतं की टिकायचं तर या गोऱ्यांशी जमवून घ्यावं लागेल. मला त्यांना फितूर म्हणवत नाही. आपल्याकडच्या संस्थानिकांना तरी कुठे सोपं होतं?

त्या वाटाड्यांपैकी व्हाइट मॅन रन्स हिम हे नात्याने मेडिसिन क्रोंचे आणखी एक आजोबा. 1929 पर्यंत जगले, म्हणजे पोराने सगळं त्यांच्या तोंडून ऐकलं. मेडिसिन क्रो सांगायचे की लढाईच्या आधी वाटाड्यांनी लष्करी कपडे उतरवले आणि आपले पारंपरिक कपडे चढवले. कस्टरने विचारलं हे काय चाललंय, तर उत्तर मिळालं की आज मरणार आहोत, मरायचंच तर क्रो म्हणून मरू. कस्टर भडकला आणि त्यांना म्हणाला निघा इथून. म्हणून ते वाचले.

ही गोष्ट ऐकत वाढलेलं पोर पुढे खूप शिकलं. 1939 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातून मानववंशशास्त्रात एमए, क्रो जमातीतला पहिला एमए. प्रबंधाचा विषयच असा की युरोपीय संपर्कामुळे क्रो लोकांच्या अर्थव्यवस्थेवर, समाजावर आणि धर्मावर काय परिणाम झाले. पीएचडी करायची होती, तेवढ्यात दुसरं महायुद्ध आलं. 1943 मध्ये फौजेत भरती, 103 वी इन्फंट्री डिव्हिजन, थेट फ्रान्स-जर्मनीच्या आघाडीवर. आणि तिथे लढाईला जाताना युनिफॉर्मच्या बाह्यांखाली दंडावर लाल रंगाचे पट्टे ओढायचे आणि हेल्मेटच्या आत पिवळं रंगवलेलं गरुडाचं पीस ठेवायचे. वाटाड्यांनी कपडे उतरवले होते, यांनी युनिफॉर्म अंगावर ठेवून आत आपलं ते आपलं ठेवलं. मला हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, अजून येतो.

आता मुख्य गोष्ट. क्रो लोकांत युद्धप्रमुख व्हायचं तर चार पराक्रम करावे लागत. शत्रूला जिवंतपणी हात लावायचा, त्याच्या हातचं हत्यार हिसकावायचं, लढाऊ टोळी नेऊन मोहीम फत्ते करायची आणि शत्रूचे घोडे पळवून आणायचे. चारांत ठार मारणं कुठेच नाही. मारण्यापेक्षा शत्रूच्या इतकं जवळ जाऊन परत येणं मोठं, हा हिशोब.

जर्मनांच्या सीगफ्रिड लाइनवर, म्हणजे सरहद्दीवरच्या तटबंदीवर, वरून मारा चालू असताना त्यांना सात जणांची तुकडी देऊन डायनामाइट आणायला पाठवलं, ते घेऊन आले, झाली एक मोहीम. मग एका गावात गल्लीच्या कोपऱ्यावर एका जर्मन सैनिकावर अक्षरशः आदळले. त्याची रायफल उडवली, आपली बाजूला टाकली आणि कुस्ती जुंपली. शेवटी याचे हात त्याच्या गळ्यावर, आता जीव जाणार, तेवढ्यात तो जर्मन पोरगा "मामा" म्हणून आईला हाक मारायला लागला. यांनी हात काढले, सोडून दिलं त्याला. म्हणजे स्पर्शही झाला, हत्यारही घेतलं आणि पोरगं जिवंत.

आणि घोडे! युद्ध संपत आलेलं, एसएसचे, म्हणजे हिटलरच्या खास दलाचे, अधिकारी रात्री एका शेतावर मुक्कामाला, त्यांचे पन्नासेक उमदे घोडे तिथे बांधलेले. पहाटे हा माणूस आत शिरला, दोराचा लगाम करून एकावर बसला, क्रो पद्धतीची आरोळी ठोकली आणि सगळे घोडे हाकलत बाहेर काढले, वर घोड्यावर बसून क्रो भाषेतलं गाणं म्हणत! विसाव्या शतकात, रणगाड्यांच्या लढाईत, कुणाला सुचेल का रे?

पण तुझ्यासाठी महत्त्वाचं आहे ते पुढे. त्यांना स्वतःला आपण चार पराक्रम पूर्ण केले हे लक्षातच नव्हतं. घरी परतल्यावर जमातीच्या वडीलधाऱ्यांनी जुन्या रिवाजाप्रमाणे समोर बसवून म्हटलं, सांग बाबा, काय काय केलंस. ते सांगत गेले आणि ऐकणारे एकेक मोजत गेले. प्रमुख ते तिथे झाले, माणसांसमोर. ऐकणाऱ्यांना काय मोजायचं ते माहीत होतं म्हणून. नाहीतर लढाईतून परतलेला आणखी एक सैनिक, बास.

आणि लोक इथेच थांबतात, घोड्यांवर. माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण पुढच्या जवळजवळ 70 वर्षांत आहे. 1948 मध्ये जमातीने त्यांना आपला इतिहासकार नेमलं. पोटासाठी मूळ रहिवाशांचा कारभार बघणाऱ्या सरकारी "इंडियन" खात्यात नोकरी, आणि बाकी वेळ म्हाताऱ्यांकडून ऐकायचं, लिहायचं, शाळांतून, सभांतून सांगत फिरायचं. लिटल बिगहॉर्नच्या लढाईत प्रत्यक्ष असलेल्या माणसाकडून ती ऐकलेला शेवटचा जिवंत माणूस म्हणून त्यांचं नाव घेतलं जायचं. कागदपत्रांत कस्टरचीच बाजू भरलेली, त्यासमोर हा एमए झालेला क्रो माणूस आपल्या आजोबाची बाजू नीट, शांतपणे मांडायचा. पन्नास घोडे पळवायला एक पहाट पुरते, या कामाला आख्खं आयुष्य गेलं.

2009 च्या ऑगस्टमध्ये ओबामांनी त्यांना प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम दिलं, अमेरिकेतला सर्वोच्च नागरी सन्मान. 95 व्या वर्षी पिसांचा मुकुट घालून व्हाइट हाउसमध्ये! त्याच्या आदल्या वर्षी फ्रान्सचा लीजन ऑफ ऑनर मिळालेला. बिलिंग्ज शहरात आता त्यांच्या नावाची शाळा आहे.

तर माझं म्हणणं असं की तू एकट्या म्हाताऱ्यासमोर फोन ठेवून "युद्धाबद्दल सांगा" म्हणू नकोस, तो गप्पच बसणार. त्याच्याबरोबरचे आणखी दोघे-तिघे जमव, चावडीवर नाहीतर कुणाच्या ओसरीवर, चहा ठेव, एकाने चुकीची तारीख सांगितली की दुसरा आपसूक बोलेल. दोन-चार तरुण पोरंही बसव. आणि परत आल्यानंतरचं नक्की विचार: सोसायटी कुणी चालवली, शाळेला जागा कुणी मिळवून दिली, पाण्याच्या भांडणात मध्ये कोण पडलं. सुभेदार मामांपासून सुरुवात कर, त्यांना आता ऐकू कमी येतं, तेव्हा सकाळची वेळ धर. कॉलर माइक मी इकडून पाठवतोय आणि रेकॉर्डिंगची एक कॉपी मला लगेच पाठव, उतरवून काढायचं काम माझ्याकडे.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच