दादा, त्या मॉपच्या दांड्याबद्दल आभार

प्रिय दादा,

समोरासमोर आभार मानले तर तू हसण्यावारी नेतोस, म्हणून सगळ्यांदेखत लिहितोय.

फिलिपिन्समधल्या सेबूला मेडिकलच्या दुसऱ्या वर्षात मी बालिंतावाकच्या नादी लागलो. एस्क्रिमा या फिलिपिनो काठीच्या युद्धकलेची ही शैली वेनान्सिओ बाकोन यांनी १९५२मध्ये त्याच शहरात सुरू केली. नाव पडलं ते जिथे सराव चाले त्या रस्त्यावरून. एकच वेताची काठी आणि समोरचा हातभर अंतरावर. आगाक हा त्यातला सराव म्हणजे तर वेडच: मानोंग, म्हणजे आमचे गुरू, ठरलेल्या बारा वारांपैकी कुठलाही देणार, तो अडवून लगेच उलटा द्यायचा, वेग वाढत जाणार. खरी गंमत मोकळ्या डाव्या हातात. तो सतत समोरच्याच्या मनगटावर, काठीवर, कोपरावर. दाबतो, ढकलतो, धरून ठेवतो. सहा महिन्यांत डोळ्यांआधी माझा हात हलायला लागला आणि डोक्यात हवा गेली.

मग तू हॉस्टेलच्या गच्चीवर मॉपचा दांडा उपसलास. लहानपणी कोल्हापूरच्या तालमीत लाठी फिरवलेला माणूस तू. ‘ये,’ म्हणालास. मी पुढे पाऊल टाकलं की टक्, बोटांच्या पेरांवर. तीनदा. ‘तुझी विद्या हातभर अंतरावर सुरू होते. तिथवर पोचणार कसा?’

दुसरं दुखणंही तूच दाखवलंस. आगाकमध्ये वार ओळखीच्या लयीत येतात. तू हूल दिलीस, मग नुसता थांबलास, आणि मी न आलेला वार अडवत बसलो! दोघे चालून आले तर काय, हे मानोंगना विचारलं. ते म्हणाले, ‘पळ.’

पण दादा, एक कबूल कर. चौथ्या वेळी मी दांड्याच्या आत घुसलो, डाव्या हाताने तो बगलेत दाबला, आणि तुझी लांबी तुझ्याच गळ्यात पडली. लिफ्टमध्ये किंवा अरुंद जिन्यात मी अजूनही बालिंतावाकच निवडेन.

खरे आभार त्यानंतरच्या रविवारांचे. परीक्षा तोंडावर असतानाही तू यायचास, न कंटाळता पेरांवर मारायचास, आणि मी तिरपं पाऊल टाकून आत शिरायला शिकायचो. मानोंगना हे सांगितलं तेव्हा वाटलं रागावतील. त्यांनी पुढच्या तासाला लांब काठी आणली.

तो दांडा शेवटी मोडला. वॉर्डनला पैसे तू दिलेस, माझा अर्धा वाटा अजून बाकी आहे.

तुझा,
धाकटा रूममेट