थांबायला जागा देणारा रस्ता

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : नॉर्वेच्या हेल्गेलँड किनाऱ्यावरचा रस्ता आणि आपला तोरणमाळचा घाट

आपल्या रविवारच्या पुरवणीतील प्रवासवर्णने मी अनेक वर्षे आवर्जून वाचत आले आहे. खानदेशातील मुले-मुली शिक्षण आणि नोकरीनिमित्त युरोपात जाऊ लागल्यापासून त्यांच्यामागोमाग आम्हा आईवडिलांच्याही तिकडे फेऱ्या होतात, त्यामुळे अशा लेखांचा वाचक आता निव्वळ घरबसल्या वाचणारा राहिलेला नाही. नॉर्वेविषयी मात्र जे छापून येते ते गायरांगरचा फियॉर्ड, फ्लोमची रेल्वे आणि लोफोटेन बेटे यांच्यापलीकडे क्वचितच जाते. गेल्या जूनमध्ये मुलगी आणि जावई यांच्यासोबत मला त्या देशातील हेल्गेलँड या किनारपट्टीवरून मोटारीने प्रवास करण्याची संधी मिळाली. माझी सारी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात गेली असल्याने मी तो रस्ता बारकाईने पाहिला, आणि तेथे जे दिसले त्याचा आपल्या सातपुड्यातील रस्त्यांशी थेट संबंध आहे असे मनापासून वाटल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

त्रोनहाइम शहराच्या उत्तरेस असलेल्या स्टाइनशेरपासून आर्क्टिक वृत्तापलीकडील बोडोपर्यंत प्रांतिक रस्ता क्रमांक १७ समुद्राच्या कडेकडेने जातो. त्याची लांबी सुमारे ६५० किलोमीटर आहे. उत्तरेकडे जाणारे बहुतेक प्रवासी आतल्या दऱ्यांतून जाणारा ई-६ हा वेगवान महामार्ग धरतात, कारण त्यांना लोफोटेन गाठायचे असते. किनाऱ्याचा हा रस्ता त्यामुळे बराचसा मोकळा राहतो. आम्ही मुद्दाम तोच निवडला.

हा रस्ता वाटेत सहा वेळा समुद्रापाशी येऊन थांबतो आणि सहाही वेळा फेरीबोट त्याला पुढच्या तुकड्याशी जोडून देते. होल्म ते वेन्नेसुंड, हॉर्न ते आन्दाल्सवोगेन, फोरविक ते शोट्टा, लेवांग ते नेस्ना, शिलबोगहाम्न ते येक्टविक आणि ऑगस्कार्देत ते फोरोय असे ते सहा टप्पे आहेत. धक्क्यावर रांगा आखलेल्या असतात. त्यांत गाडी उभी करायची, इंजिन बंद करायचे आणि बोटीची वाट पाहायची. जो आधी येईल तो आधी चढतो. बोट धक्क्याला लागली की तिचे नाक वर उचलले जाते, लोखंडी उतार खाली येतो, पलीकडची वाहने बाहेर पडतात आणि पिवळे जाकीट घातलेला कर्मचारी हाताच्या खुणेने एकेका गाडीला आत घेतो, तेही इतक्या जवळजवळ की दार जेमतेम उघडावे. फोरविकच्या धक्क्यावर आमच्या पुढे दुधाचा टँकर होता आणि मागे बाजारहाट करून परतणारे एक वृद्ध जोडपे. डोंगर-पाण्याकडे डोळे लावून बसलेले आम्हीच तेवढे परके होतो. ही बोट तेथे राहणाऱ्यांसाठी, अंधाऱ्या हिवाळ्यातही, ठरल्या वेळापत्रकाने चालते आणि आमच्यासारखे पाहुणे तिच्यात सामावले जातात, हे लक्षात आल्यावर त्या रस्त्याविषयीचा माझा आदर वाढला.

त्या बोटीत बसले असताना मला वारंवार नर्मदाकाठ आठवत होता. सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील कितीतरी पाड्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध होडीवर अवलंबून आहे. नॉर्वेत पाण्यावरचा टप्पा हा रस्त्याचाच भाग मानला जातो, म्हणून त्याची वेळ, त्याचा धक्का आणि त्याची सुरक्षितता यांची जबाबदारी रस्त्याइतकीच गंभीरपणे घेतली जाते. आपल्या नर्मदाकाठच्या माणसांनाही तेवढाच हक्क आहे.

हेल्गेलँडची भूमी भूगोलाच्या विद्यार्थ्याला वेड लावील अशी आहे. हिमयुगात हिमनद्यांनी दऱ्या खोल कोरल्या, बर्फ वितळल्यावर त्यांत समुद्र शिरला आणि फियॉर्ड तयार झाले, हे आपण वर्गात शिकवतो. पण येथे त्याच्या जोडीला किनाऱ्यालगत एक सखल, सपाट खडकाळ पट्टी आहे आणि तिच्यातून डोंगर एकदम भिंतीसारखे उभे राहतात. पायथ्याशी गवताची हिरवी शेते, त्यांच्यापुढे हजारो बेटे आणि मागे लगेच हजार मीटरचा कडा, असे दृश्य मैलोन्‌मैल चालू राहते. इतक्या उत्तरेला असूनही येथील बंदरे हिवाळ्यात गोठत नाहीत, याचे श्रेय अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार प्रवाहाला जाते.

या डोंगरांना एकाच दंतकथेने बांधून ठेवले आहे. हेस्तमान्नेन नावाचा घोडेस्वार लेकामोया या तरुणीच्या मागे लागला. तिच्याबरोबर पळणाऱ्या सात बहिणी दमून वाटेतच आडव्या झाल्या. ती पुढे धावत राहिली तेव्हा त्याने बाण सोडला आणि तिला वाचवण्यासाठी सोम्नाच्या राजाने आपली टोपी मध्ये फेकली. बाण टोपीला आरपार भेदून गेला, तेवढ्यात सूर्य उगवला आणि सगळे जागच्या जागी दगड झाले. ती टोपी म्हणजे ब्रोन्नोयसुंडजवळचा तोर्गहात्तेन डोंगर. त्याला खरोखरच आरपार भोक आहे, सुमारे १६० मीटर लांब आणि ३५ मीटर उंच. समुद्राची पातळी जमिनीच्या तुलनेत उंच होती त्या काळात लाटांनी आणि बर्फाने खडकाच्या कमकुवत भेगा पोखरून ते कोरले, आणि बर्फाचे ओझे उतरल्यावर जमीन वर आल्याने आज ते डोंगराच्या मध्यावर दिसते. पायवाटेने चढून आम्ही त्या भोकातून चाललो. खाली मोठमोठे धोंडे, वरून ठिबकणारे पाणी आणि पलीकडच्या तोंडाशी ऊन पडलेली बेटे. सात बहिणी सान्नेसशोएन गावाच्या मागे एका ओळीत उभ्या आहेत, त्यांतील सर्वांत उंच १०७२ मीटरची. त्यांना पाहून वणीच्या सप्तशृंगीची आठवण होणे खानदेशी माणसाला स्वाभाविकच आहे. घोडेस्वार स्वतः मात्र पुढे, आर्क्टिक वृत्तावरच्या एका बेटाच्या रूपाने, येक्टविकच्या फेरीतून दिसतो.

ही सर्वांत लांब फेरी, जवळजवळ तासाभराची, आणि तिच्यातच आर्क्टिक वृत्त ओलांडले जाते. किनाऱ्यावर खूण म्हणून पृथ्वीच्या गोलाचे एक धातूचे शिल्प उभारले आहे. चाळीस-चाळीस मुलांच्या वर्गाला फळ्यावर जी रेघ काढून दाखवली, ती ओलांडताना मी डेकवर उभी होते, आणि रात्री उशिरापर्यंत सूर्य मावळला नाही.

त्यानंतर स्वार्तिसेन. नॉर्वेतील या दुसऱ्या क्रमांकाच्या हिमक्षेत्राची एंगाब्रेएन ही जीभ होलान्सफ्योर्डच्या दिशेने खाली उतरते आणि रस्त्यावरूनच, पाण्यापलीकडे, निळसर दिसते. ती मागे हटत चालली आहे. उघडे पडलेले खडक त्याची साक्ष देतात. पुढे डोंगराखालून सात किलोमीटरहून लांब बोगदा लागतो. तो १९८६ साली खुला झाला.

आता ज्या जागेसाठी मुख्यतः हे पत्र लिहिले तिच्याविषयी. गिल्देस्कोल भागात उरेद्दप्लासेन नावाचा एक थांबा आहे. १९४३ च्या फेब्रुवारीत उरेद्द ही नॉर्वेची पाणबुडी या परिसरात सुरुंगांच्या पट्ट्यात सापडून बुडाली आणि तिच्यावरील सर्वजण मरण पावले. त्यांचे स्मारक येथे होतेच. रस्ते प्रशासनाने २०१८ मध्ये त्याच्याभोवती थांब्याची नवी रचना केली. समुद्राकडे उतरत जाणाऱ्या रुंद पायऱ्या, गुलाबी छटेच्या संगमरवराची बाके, आणि लाटेच्या आकाराचे काँक्रीटचे छत असलेले, दुधी काचेच्या भिंतींचे एक स्वच्छतागृह. होय, स्वच्छतागृह. ज्या जागेवरून समुद्र सर्वांत सुंदर दिसतो तेथे त्यांनी ते बांधले, वास्तुरचनाकारांकडून आखून घेतले आणि ते स्वच्छ ठेवले आहे. आत पाणी होते, कागद होता, कडी नीट लागत होती. प्रवासाला निघायचे म्हणून आदल्या रात्रीपासून पाणी कमी पिणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना या वाक्याचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

हे एकाच ठिकाणी आढळणारे कौतुक नव्हे. नॉर्वेच्या रस्ते प्रशासनाने राष्ट्रीय निसर्गरम्य मार्ग अशी योजना आखून देशभरातील अठरा रस्ते निवडले आहेत. १९९७ मध्ये चार रस्त्यांवर सुरुवात झाली, त्यांत हेल्गेलँडचा उत्तर भाग होता, आणि २०१२ मध्ये सर्व अठरा मार्ग अधिकृतपणे जाहीर झाले. होल्मपासून गोदोयस्ट्राउमेनपर्यंतचे ४३३ किलोमीटर या योजनेत येतात. दृश्य जेथे उघडते तेथे गाडी रस्त्याबाहेर घेण्याची जागा, बसायला बाक, गरज असेल तेथे कठडा आणि स्वच्छतागृह, इतकेच तिचे स्वरूप. दुकानांच्या रांगा नाहीत, जाहिरातींचे फलक नाहीत. गाडी थांबवायला सुरक्षित जागा असल्यामुळे कोणी वळणावर उभे राहत नाही, कचरा एका ठिकाणी गोळा होतो आणि मागून येणाऱ्या ट्रकला वाट मोकळी मिळते.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडी माहिती. तेथे वाहने उजवीकडून चालतात, दिवसाही दिवे लावणे सक्तीचे आहे, गावाबाहेर सामान्य वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे आणि दंड जबर असतात. आपल्या परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना येथूनच काढून न्यावा. उपाहारगृहे महाग पडतात. शिबिरस्थळांवर स्वयंपाकघर असलेल्या लाकडी खोल्या मिळतात, त्यामुळे आमची खिचडी-कढी सुखाने चालली. प्रवासाच्या शेवटी, बोडोच्या अलीकडे, साल्टस्ट्राउमेन चुकवू नये : सुमारे दीडशे मीटर रुंदीच्या सामुद्रधुनीतून भरती-ओहोटीचे पाणी दर सहा तासांनी दिशा बदलत धावते आणि पुलावरून खाली भोवरे दिसतात. भरतीची वेळ आधी पाहून जावे.

आता आपल्याकडे येते. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर, काळापाणी या वाटेने तोरणमाळला जाणारा रस्ता पावसाळ्यात ज्याने पाहिला आहे त्याला निसर्गाच्या बाबतीत आपण कोठे उणे आहोत असे वाटणार नाही. सातपायरी घाटात ढग रस्त्यावर उतरतात, कड्यांवरून पाणी कोसळते, सीताखाईकडे नजर टाकली की शब्द अपुरे पडतात. श्रावणातल्या सुटीच्या दिवशी मात्र याच घाटात वळणावळणावर मोटारी आणि दुचाक्या उभ्या असतात, मुले कठड्यावर चढतात, धडगावकडून प्रवाशांनी भरलेली जीप हॉर्न वाजवत त्यांच्यामधून वाट काढते, आणि बायकांना आडोसा शोधत झाडीत जावे लागते. माझ्यासोबत आलेल्या मैत्रिणींवर ही वेळ आलेली मी पाहिली आहे. गर्दी करणाऱ्या पर्यटकांना दोष देणे सोपे आहे; पण त्यांना थांबण्यासाठी आपण कोणती जागा दिली?

नॉर्वे श्रीमंत आहे, हे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते मला पुरेसे वाटत नाही. संगमरवर आणि दुधी काच आपल्याला नकोच. घाटाच्या पायथ्याशी, मध्यावर आणि माथ्यावर मिळून तीन-चार ठिकाणी गाड्या बाजूला घेता येतील एवढी सपाट जागा, स्थानिक दगडाचा बळकट कठडा, पाण्याची टाकी आणि कुलूप न घातलेले स्वच्छतागृह एवढे झाले तरी या रस्त्याचे रूप पालटेल. ते रोज झाडून-धुऊन ठेवण्याचे काम शेजारच्या पाड्यावरच्या महिला बचत गटाला नियमित मोबदल्यावर द्यावे. धडगावचा आमचूर, मोसमातली सीताफळे, मोहाची फुले विकायला त्यांना तेथेच एक ओटा बांधून द्यावा, म्हणजे रस्ता ज्यांच्या गावातून जातो त्यांच्या हातीही चार पैसे येतील. आणि रोज या वाटेने बाजाराला जाणाऱ्या, जीपची वाट पाहत उन्हापावसात उभ्या राहणाऱ्या पावरा आणि भिल्ल बायकांना छप्पर मिळेल; माझ्या मते पर्यटकांच्या आधी तो थांबा त्यांचा असायला हवा.

आपणास दोन विनंत्या आहेत. पुरवणीत परदेशातील स्थळांविषयी लेख छापताना तेथील रस्ता, थांबे आणि स्वच्छतागृहे कशी आहेत, ती कोण राखतो, याचीही माहिती लेखकांकडून मागवावी. आणि शहादा–तोरणमाळ मार्गावर थांबे कोठे करता येतील याविषयी आपल्या वाचकांकडून, विशेषतः या मार्गावरचे एस.टी. चालक, जीपचालक, आश्रमशाळांतील शिक्षक आणि आशाताई यांच्याकडून, नेमक्या जागा कळवण्याचे आवाहन आपल्या अंकातून करावे. कोणत्या वळणावर दरड कोसळते आणि कोठे बारमाही पाणी आहे हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नाही. आलेल्या पत्रांवरून नकाशावर जागा मांडून देण्याचे काम मी आनंदाने करीन, आणि पावसाळ्यापूर्वी तो नकाशा आपल्या अंकात प्रसिद्ध व्हावा व त्याची प्रत जिल्हा नियोजन समितीकडे जावी, अशी माझी इच्छा आहे.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, शहादा (जि. नंदुरबार)