गुंता खाली, कारण वर

प्रिय शमे,

बऱ्याच दिवसांत पत्र नाही, रागावली असशील. हवं तेवढं रागाव, पण आधी हे वाच. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर "बरं, मग?" म्हणतील, म्हणून तुलाच लिहितेय. तब्येत ठीक. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, गोळी घेते, विषय संपला.

परवा शिवणाच्या तासाला ती मागच्या बाकावरची अबोल मुलगी (फोनवर सांगितलं होतं ना, तीच) रडकुंडीला आली होती. कापडाखाली दोऱ्याचा हा एवढा गुंता. उसवायचं, पुन्हा शिवायचं, पुन्हा तेच. गुंता खाली दिसतो म्हणून ती सारखी बॉबिनच, म्हणजे खालच्या दोऱ्याची फिरकी, काढत-घालत होती. मी सांगायला उठलेच होते, तेवढ्यात तिनं मोबाइल वहीला टेकवून मशीनच्या तोंडाशी उभा केला आणि स्लो मोशनमध्ये चित्रण केलं. मग पडद्यावर बोटांनी मोठं करून पुन्हा पुन्हा बघत राहिली. आणि एकदम म्हणाली, "मॅडम, वरचा दोरा ढिलाच येतोय!" कापड दाबणारा फूट खाली असतानाच दोरा ओवला होता गं तिनं. दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या, दोरा त्यांच्यामध्ये बसलाच नव्हता. वरून ताण नाही, म्हणून सगळा पसारा खाली. फूट उचलून पुन्हा ओवलं आणि टाका सुरेख पडायला लागला. "आधी फूट वर, मग दोरा!" आपल्या बाईंचा आवाज आला की नाही कानात?

ती आता हे जन्मात विसरणार नाही. मी सांगितलं असतं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं असतं.

आणि त्याच दिवशी दुपारी नवं वेळापत्रक हातात पडलं. शमे, तेव्हापासून झोप नीट नाही. गृहविज्ञानाच्या प्रात्यक्षिकांचे निम्मे तास पडद्यावर न्यायचे आहेत. मुलींनी व्हिडिओ बघायचे, मग संगणकावरच्या आभासी स्वयंपाकघरात आणि आभासी मशीनवर सराव करायचा. सामान वाचतं, कापड फुकट जात नाही, कुणाचा हात भाजत नाही. वाचलेल्या तासांचं काय करणार, ते कुणी बोलत नाही.

तू म्हणशील, आता ही संगणकावर घसरणार. मुळीच नाही. ड्राफ्टिंगचं, म्हणजे कपड्याचा नमुना आखायचं, सॉफ्टवेअर मला मनापासून आवडतं. टक इकडून तिकडे सरकवला की अंगावर काय फरक पडतो, हे कापडाला कात्री लावायच्या आधी दिसतं. आपल्याला हे मिळालं असतं तर तुझा तो निळा झगा वाचला असता! पण तिरकी कापलेली उरेब पट्टी घे. पडद्यावर ती ताणलेली दिसते, पण किती ओढली की ती कायमची लोंबायला लागते, हे बोटांखाली कापड आल्याशिवाय कसं कळणार?

पाकावरून झालेलं आपलं भांडण आठवतं? तू म्हणायचीस, बोटांना कळतं, थर्मामीटर कशाला? मी म्हणायचे, आकडा हवाच. दोन दिवस अबोला धरला होतास, आणि तोही परीक्षेच्या तोंडावर. माझं म्हणणं आजही तेच आहे. पाणी उडत जातं तशी साखर दाट होते आणि उकळबिंदू चढतो, म्हणजे तापमान हा पाकात किती पाणी उरलं याचाच हिशोब आहे. मऊ गोळीचा पाक साधारण ११२ ते ११६ अंश सेल्सिअसला होतो. उंचावरच्या गावात पाणीच लवकर उकळतं, दर ३०० मीटरला साधारण एक अंश खाली, तेवढा आकडा वजा करायचा. म्हणून मी आधी थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरून तपासायला लावते. पण त्यात तुझीही बोटं घेतली आहेत, खूश हो. पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचा, बोटांनी वळून बघायचा, अंदाज वहीत लिहायचा आणि मगच थर्मामीटर बघायचा. वजनकाट्याचंही तसंच. एकाच कपात एकीचं पीठ १२० ग्रॅम भरतं, दाबून भरणारीचं १५०. आधी अंदाज, मग काटा. काही आठवड्यांत अंदाज आणि आकडा जवळ यायला लागतात, तेव्हा त्यांचे चेहरे बघायला हवेस तू.

मला वेळापत्रकाच्या बैठकीत हेच मांडायचंय. मुलीच्या स्वतःच्या हाताखाली काय झालं ते तिलाच दाखवणारं तंत्रज्ञान हवं तेवढं आणा. पण हाताच्या जागी बसणारं आणू नका. कुणी मला जुन्या वळणाची म्हणालंच, तर एलेन रिचर्ड्सचं नाव घेणार आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेची पहिली पदवीधर स्त्री, १८७३ साली, रसायनशास्त्र शिकलेली. १८९९ च्या लेक प्लॅसिड परिषदेपासून तिनं गृहविज्ञान हा विषय उभा केला. आपला विषय प्रयोगशाळेतूनच आला आहे, त्याला यंत्रांची भीती कसली? पण ती पाणी तपासायची ते स्वतःच्या हातांनी, हेही तिथे सांगणार.

गुणांचंही सुचलंय. आत्ता आपण तयार वस्तू बघून गुण देतो, आणि घरून कुणी शिवून दिलं ते आपल्याला कळत असूनही काही करता येत नाही. त्याऐवजी टेबलावर स्टँडला विभागाचाच एक फोन लावायचा, चौकटीत फक्त हात, चेहरा नको. सगळ्या मुलींकडे फोन नसतात, म्हणून तो विभागाचाच हवा. मुलीनं आपलंच चित्रण बघून कुठे चुकलं ते सांगायचं, आणि त्या सांगण्यालाही गुण. कसं वाटतं? खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नकोस.

अगं हो, धाकटीचं ठरलं म्हणे! फार फार आनंद झाला. नव्या घराचं काम कुठवर आलं? सासूबाईंना नमस्कार सांग. सगळं सविस्तर फोनवर.

बैठक गुरुवारी आहे. तुझी ती मशीन ओवण्यापासून शेवटच्या गाठीपर्यंतची तपासणीची यादी, आणि प्रत्येक पायरीचे गुण, मला त्याआधी पाठव. फोटो काढून पाठवलास तरी चालेल, पण उजेडात काढ, तुझं अक्षर अंधारात मला लागत नाही.

तुझी,
मंदा