लिंकन यांचे ‘ते’ पत्र

गेल्या रविवारच्या पुरवणीत अब्राहम लिंकन यांच्या छोटेखानी चरित्रासोबत मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेले ‘ते’ प्रसिद्ध पत्रही छापले आहे. हे पत्र लिंकन यांचे असल्याचा कोणताही पुरावा नाही. त्यांच्या संकलित लेखनात ते सापडत नाही. आपल्याकडे मात्र शाळाशाळांच्या भिंतींवर ते चौकटीत लावलेले असते. मीही लहानपणी ते तोंडपाठ केले होते. पण मजकूर सुंदर आहे म्हणून तो कुणाच्याही नावावर घालणे योग्य नाही.

खरे लिंकन याहून हृद्य आहेत. १८५९ मध्ये स्वतःविषयी लिहिताना, आपल्याला लिहिता-वाचता आणि त्रैराशिकापर्यंतचे गणित येत होते, एवढेच त्यांनी नोंदवले. डिसेंबर १८६२ मध्ये, यादवी युद्ध पेटलेले असताना, वडील लढाईत पडल्याने खचलेल्या फॅनी मॅक्कुलो या तरुण मुलीला त्यांनी पत्र लिहिले. दुःख सर्वांच्याच वाट्याला येते, पण तरुणांना ते बेसावध गाठते म्हणून जास्त जिव्हारी लागते, असे त्यात ते सांगतात. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचा स्वतःचा अकरा वर्षांचा विली गेला होता. पुरवणीत दुरुस्ती छापावी आणि सोबत या पत्राचा अनुवाद द्यावा, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा