मुलाने १०८ ला फोन केला, म्हणून त्याचं वर्ष गेलं: उच्च व तंत्र शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्र शिक्षण, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

स. न. वि. वि.

मी परांडा तालुक्यातल्या एका गावात आशा स्वयंसेविका आहे. आपल्यामागे राज्याचा व्याप आहे आणि माझ्यासारखीने आपला वेळ घ्यावा हे मला बरं वाटत नाही. पण सोमवारी पोस्टाने एक पाकीट आलं. त्यातलं पत्र मी तीनदा वाचलं, तरी मला त्याचा अर्थ लागत नाही. आपल्याला लागला तर समजावून सांगावा, ही पहिली विनंती.

पत्र माझ्या मुलाच्या कॉलेजचं आहे. तो पुण्यात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वसतिगृहाच्या आवारात मद्यपान केल्याबद्दल व चौकशीत सहकार्य न केल्याबद्दल त्याला वसतिगृहातून काढण्यात येत आहे आणि या सत्राची टर्म ग्रँट नाकारण्यात येत आहे, असं त्यात लिहिलंय. टर्म ग्रँट नाही म्हणजे परीक्षेला बसता येत नाही. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. त्या रात्री एक पोरगा मरता मरता वाचला. तो कुणामुळे वाचला, याबद्दल त्या पत्रात एक ओळ नाही.

फेब्रुवारीत गॅदरिंगची रात्र होती. एका खोलीत सहा पोरं बसली होती. माझ्या मुलानेही दोन ग्लास बिअर घेतली होती, ते मी लपवत नाही. तो २० वर्षांचा आहे, आपल्या राज्यात बिअरला २१ आणि दारूला २५ वर्षं लागतात, म्हणजे त्याने नियम मोडला. त्याबद्दल मी त्याला जे बोलायचं ते बोलले आहे. दुसरा एक पोरगा, १९ वर्षांचा, त्याने त्याआधी दारूचा थेंबही घेतलेला नव्हता. पैज लागली आणि त्याने पाणी न घालता ग्लासावर ग्लास रिचवले. साडेअकराला तो आडवा झाला. पोरांनी लिंबूपाणी पाजायचा प्रयत्न केला, कॉफी आणली, बाथरूममध्ये नेऊन अंगावर बादली ओतली. कुणीतरी म्हणालं, झोपू द्या, सकाळपर्यंत उतरेल.

उतरत नसते, साहेब. माणूस झोपला तरी पोटातली दारू रक्तात चढतच राहते. कॉफीने ती कमी होत नाही आणि गार पाण्याने अंग अजून गार पडतं. हे त्या पोरांना कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांना शिकवलेलं एवढंच होतं की दारू सापडली तर हॉस्टेलमधून बाहेर.

रात्री एक वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. "आई, याचा श्वास मोजला. मिनिटाला सात येतोय."

आशाचं काम ज्यांनी जवळून बघितलंय त्यांना हे कळेल. बाळंतिणीच्या घरी आम्ही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जातो, बेचाळिसाव्या दिवसापर्यंत जात राहतो. बाळाचं पोट उघडं करायचं, घड्याळ समोर धरायचं आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. साठ किंवा जास्त आले की बाळाला दवाखान्यात हलवायचं. माझा मुलगा पहिलीत असताना त्याला घरी ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून मी त्याला भेटींना सोबत न्यायची. घड्याळ तो धरायचा. त्या रात्री त्या खोलीत श्वास मोजणारा तो एकटाच होता आणि मोठ्या माणसाला मिनिटाला सात म्हणजे काय, हे विचारायला त्याने मला फोन केला.

मी विचारलं, पडलाय कसा? उताणा. म्हटलं, आधी कुशीवर वळव, वरचा पाय गुडघ्यात मुडप, तोंड खालच्या बाजूला राहू दे, ओकारी घशात जायला नको. आणि १०८ लाव. तो गप्प. मग हळू म्हणाला, "आई, रेक्टरला कळलं तर सगळ्यांना काढतील." मी म्हटलं, "काढू देत. तू फोन लाव."

ते वाक्य माझं होतं. शिक्षा त्याला झाली. सोमवारपासून मला दुसरं काही सुचत नाही.

त्याने फोन लावला तसे बाकीचे चौघे खोलीतून गेले. गाडी आली तर गेटला कुलूप. वॉचमन म्हणाला, दहानंतर रेक्टरच्या परवानगीशिवाय उघडता येत नाही. रेक्टरचा फोन नुसता वाजत राहिला. गाडी, गाडीतले डॉक्टर, ऑक्सिजन, सगळं लोखंडी गेटाच्या पलीकडे चौदा मिनिटं उभं होतं आणि अलीकडे तिसऱ्या मजल्यावर माझा मुलगा त्या पोराची हनुवटी वर धरून बसला होता. शेवटी डॉक्टरांनी वॉचमनला दम दिला, तेव्हा कुलूप निघालं.

कॅज्युअल्टीत रक्तातली साखर तपासली तर ती पार खाली गेलेली. श्वासाची नळी घालावी लागली, दोन रात्री व्हेंटिलेटर. तिसऱ्या दिवशी पोरानं डोळे उघडले. त्याचे वडील लातूरकडचे, हमाली करतात. मी पोचले तेव्हा त्यांनी माझ्या हातात मोसंबीची पिशवी दिली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना बोलता येईना.

तिथेच, त्या व्हरांड्यात, रेक्टर मला म्हणाले, "ताई, तुमच्या मुलानं जीव वाचवला. त्याला काही होणार नाही, मी शब्द देतो." मी त्यांच्या पाया पडले. आज त्याची मला लाज वाटते. दोन महिन्यांनी त्यांच्याच सहीचा अहवाल समितीपुढे गेला. समितीने माझ्या मुलाला विचारलं, खोलीत आणखी कोण होतं? त्याने नावं दिली नाहीत. हे झालं "चौकशीत असहकार्य". जे पळाले ते आज वर्गात बसतात. जो थांबला तो बाहेर. जो मरता मरता वाचला त्यालाही हॉस्टेलमधून काढलंय, त्याचे वडील आता खोली शोधत फिरतायत.

मंत्री महोदय, या शिक्षेतून त्या हॉस्टेलमधली पोरं काय शिकली? मी त्यांच्याशी बोलले आहे. पुढच्या वेळी कुणी पडला तर दार लावून घ्यायचं आणि निघून जायचं, हे शिकली. पुढचा पोरगा मेला तर त्याची जबाबदारी कुठल्या जावक क्रमांकावर टाकायची, ते आत्ताच सांगून ठेवा.

मी हे आधी बघितलेलं आहे. आमच्या गावात एका तरुणाने फवारणीचं औषध घेतलं होतं. घरच्यांनी दवाखान्यात सांगितलं की उन्हाने चक्कर आली. का? तर पोलीस केस होईल. आत्महत्येचा प्रयत्न हा तेव्हा गुन्हा होता. डॉक्टर उन्हावरचा इलाज करत बसले आणि खरं सांगेपर्यंत वेळ गेली. तो २६ वर्षांचा होता, मीच त्याच्या बायकोच्या दोन्ही बाळंतपणांना सोबत गेले होते. पुढे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आला. असा माणूस भयंकर ताणात होता असं धरून चालायचं, त्याला शिक्षा करायची नाही, असं त्याच्या ११५ व्या कलमात आलं. २०२४ च्या जुलैत दंड संहितेच्या जागी नवी न्याय संहिता आली, तेव्हा तर अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं ते जुनं ३०९ कलमच गेलं. आता मी घरोघरी ठामपणे सांगते, बाई, खरं सांगा, काही होत नाही. आणि लोक सांगतात. कायदा बदलला की दारात उभ्या असलेल्या माणसाचा पाय उचलतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

रस्त्यावरच्या अपघाताचंही तेच. जखमीला उचललं की पोलीस आपल्यालाच धरतील म्हणून लोक बघत उभे राहायचे. २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, २०१९ ला मोटार वाहन कायद्यात त्यासाठीच १३४-अ कलम घातलं. आता तर बक्षीस आहे. आधी ५ हजार होतं, ते २५ हजार केलं. म्हणजे माझ्या मुलाने तोच पोरगा हॉस्टेलच्या गेटाबाहेर गाडीखाली सापडलेला उचलला असता तर सरकारने त्याला गौरवलं असतं. गेटाच्या आत उचलला म्हणून त्याचं वर्ष गेलं. मधे फक्त एक लोखंडी गेट आहे, साहेब.

माझी भाची नर्सिंगला आहे, तिने मोबाईलवर शोधून मला वाचून दाखवलं. अमेरिकेत कॉर्नेल नावाचं विद्यापीठ आहे, तिथे २००२ पासून नियम आहे की दारूने बेशुद्ध पडलेल्यासाठी जो मदत बोलावेल त्याच्यावर आणि त्या पडलेल्यावर पिण्याबद्दल शिस्तभंगाची कारवाई नाही, त्याऐवजी समुपदेशन. पुढे तिथल्या कितीतरी राज्यांनी तसे कायदे केले. नियम आल्यावर तिथे मदतीचे फोन वाढले. आपल्याकडे अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात ६४-अ कलम आहे, व्यसनी माणूस स्वतः उपचाराला आला तर खटल्यातून सूट. ती त्या व्यसनी माणसाला. त्याला खांद्यावर टाकून आणणाऱ्या मित्रासाठी काय आहे? २००९ ला हिमाचलमध्ये मेडिकलचा एक पोरगा रॅगिंगमध्ये गेला, मग विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, रॅगिंगविरोधी नियम आले, हेल्पलाइन आली, आम्हा आईबापांकडून दरवर्षी हमीपत्र घेणं सुरू झालं. आपल्याकडे आधी पोरगा जावा लागतो, मग कागद हलतो. या वेळी पोरगा वाचला, म्हणून कागद हलणार नाही का?

सात वेळा मी पुण्याला जाऊन आले. बाईमाणसाला एसटीत अर्धं तिकीट आहे म्हणून परवडलं. दोनदा प्राचार्यांच्या केबिनबाहेर सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत बसले, आत चहा जाताना दिसायचा. शैक्षणिक कर्जाचा हप्ता सत्र बुडाल्याने थांबत नाही. मुलगा आता कॉट बेसिसवर राहतो, एका खोलीत पाच जण, महिन्याला साडेचार हजार, जेवण वेगळं. आमचं मानधन कधी दोन महिन्यांनी येतं, कधी तीन. गावात बोलतात, आशाताईचं पोरगं दारू पिऊन काढलं. ज्या घरांत मी सतरा वर्षं व्यसनाबद्दल बोलत आले, तिथे आता मी उंबऱ्यात उभी राहिले की बायका एकमेकींकडे बघतात. आणि तो? तो फोनवर एवढंच म्हणतो, "आई, मी श्वास मोजलाच नसता तर बरं झालं असतं." माझ्या पोटच्या पोराच्या तोंडी हे वाक्य तुमच्या व्यवस्थेनं घातलंय.

कॉलेजच्या गेटापासून वाईन शॉपपर्यंत मी पावलं मोजली आहेत. तीनशे बारा. दुकानावर पंचवीस वर्षांची पाटी आहे. मी अर्धा तास समोर उभी होते, दप्तर पाठीला लावलेल्या एकाही पोराला कुणी वय विचारलं नाही. त्या दुकानाला कधी "निलंबन" झालेलं ऐकलं नाही. २०२५ ला दारूवरचा कर वाढवला तेव्हा सरकारनेच सांगितलं की वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळतील. त्यातले किती रुपये हॉस्टेलच्या पोरांना "बेशुद्ध माणसाला उताणं ठेवू नका" एवढं शिकवायला गेले? याच पुण्यात २०२४ ला एका श्रीमंताच्या दारू प्यायलेल्या अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन जीव गेले, त्याला पहिला जामीन ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर मिळाला. माझ्या मुलाने एक जीव वाचवला. त्याला निबंधसुद्धा लिहू दिला नाही, त्याचं म्हणणं अर्ध्या पानावर घेतलं आणि तेही फाईलला लागलेलं मला दिसलं नाही. शिस्त फक्त आशाच्या आणि हमालाच्या पोरांसाठी असते काय?

माझं मागणं मोठं नाही. सगळ्या विद्यापीठांना आणि कॉलेजांना लागू होईल असा एक जीआर काढा. दारू किंवा नशेने कुणी बेशुद्ध पडलं आणि एखाद्या विद्यार्थ्याने मदत बोलावली, मदत येईपर्यंत तो तिथे थांबला आणि डॉक्टरला खरं सांगितलं, तर पिण्याबद्दल त्याच्यावर आणि त्या पडलेल्यावर कारवाई होणार नाही. दोघांना समुपदेशकाकडे पाठवा, घरी कळवा, ते आम्हाला चालेल. ज्याने नशा विकली, ज्याने जबरदस्तीने पाजली, जो पिऊन गाडी चालवतो, त्याला यात माफी देऊ नका, ती मी मागतही नाही. १०८ ची गाडी आली की कुलूप त्याच क्षणी उघडायचं, परवानगी कुणाची लागणार नाही, हे वॉचमनला लेखी द्या. आणि हे सगळं प्रवेशाच्या दिवशी पोरांना वाचून दाखवा, नाहीतर जीआर कपाटात आणि पोरं खोलीत.

माझ्या मुलाच्या आणि त्या लातूरकडच्या मुलाच्या शिक्षेचा फेरविचार करायला कॉलेजला सांगा. आपल्या कार्यालयात मी दोन अर्ज दिले आहेत, पोच माझ्याकडे आहे. परीक्षा १८ तारखेला सुरू होते. हॉलतिकीट अजून मिळालेलं नाही.

आपली,
एक आशा स्वयंसेविका
ता. परांडा, जि. धाराशिव