एक्सप्रेस पासचं भांडण

बेळगाव,
रविवार, दुपार

प्रिय सुऱ्या,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज काल जेवताना लावला. ऐकून ही म्हणाली, "भावजींचं बरोबर आहे की." म्हणजे घरातलंच एक मत तुझ्या बाजूनं पडलं. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. कागदावर तुला मधे तोंड घालता येत नाही.

तुझा मुद्दा तुझ्याच शब्दांत आधी मांडतो, नाहीतर मागून म्हणशील की मी असं म्हटलंच नव्हतं. तू वहिनी, पोरं आणि आईला घेऊन मनोरंजन पार्कला गेलास, वर पैसे टाकून सगळ्यांचे एक्सप्रेस पास घेतलेस आणि बारीला न लागता वेगळ्या रांगेतून सगळ्या राइड करून सहाच्या आत बाहेर पडलास. "कुणाच्या खिशातून काढून घेतलं काय? विमानात बिझनेस क्लास असतो, रेल्वेत एसी डबा असतो, तेव्हा तुझ्या पोटात दुखत नाही. पाळण्याला वेगळी रांग असली की लगेच समाजवाद?"

आता ऐक. राणी चन्नम्मा एक्सप्रेसच्या एसी डब्यात बसलेला माणूस आणि जनरल डब्यात दारात बसलेला माणूस, दोघं बेंगळूरला एकाच वेळी उतरतात. एसीवाल्यानं जास्त पैसे देऊन गादी घेतली, चादर घेतली. जनरलवाल्याची गाडी त्यामुळं उशिरा पोचत नाही. राइडचं तसं नाही. तिथं तासाला ठरावीकच माणसं बसतात. पासमुळं एक खुर्चीसुद्धा वाढत नाही. तू जो अर्धा तास वाचवलास, तो हवेतून आला नाही. तो बारीत उभारलेल्या लोकांकडून थोडा थोडा काढून घेतलेला आहे. आणि त्यांनीही गेटवर पूर्ण तिकीट काढलेलं असतं, हे विसरू नको.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. गेल्या डिसेंबरात आमच्या शाळेची सहल अशाच एका मोठ्या पार्कला नेली होती. नाव लिहीत नाही, उगीच कशाला. खानापूर तालुक्यातली पोरं, त्यातल्या बहुतेकांनी आकाशपाळणा पाहिलेला तो गावच्या लक्ष्मीच्या जत्रेतच. कुणाच्या घरी काजूचे पैसे आले तेव्हा सहलीची फी भरली, कुणाच्या आईनं बचत गटातून उचलली. आणि आम्ही नेमके रविवारी पोचलो, कारण शाळेला सुट्टी तेव्हाच.

मोठ्या रोलर कोस्टरच्या बारीत आम्ही उन्हात उभारलो होतो आणि शेजारच्या मोकळ्या वाटेनं माणसं झपाझप पुढं जात होती. सातवीतली एक पोरगी मला विचारते, "सर, त्यांनी तिकीट आमच्या आधी काढलंय काय?" तिच्या हिशेबात पुढं जायचं तेवढंच एक कारण असू शकतं. मी म्हटलं, नाही, जास्तीचे पैसे भरून काढलंय. तिनं मान हलवली. रागावली नाही, रडली नाही. 'असं असतं होय' एवढंच तोंडावर. मला त्या मान हलवण्याचाच त्रास झाला. पोरगी भांडली असती तर बरं वाटलं असतं.

आठवीतला एक पोरगा मात्र गप्प बसणारा नव्हता. वर पोचता पोचता दोन्ही रांगा जिथं एक होतात तिथं एक साखळी असते, आणि ती उचलणारा एक मुलगा उभा असतो. तो तिकडची किती सोडतो आणि इकडची किती, हे आमचा गडी बोटांवर मोजत बसला. गाडीत वीस जागा. बारा तिकडच्या, आठ इकडच्या. गर्दी थोडी हलली की प्रमाण बदलायचं, पण तिकडचं पारडं जडच.

परत येताना बसमध्ये मी त्याचंच गणित घातलं. व्यस्त प्रमाण, दुसरं काही नाही. समज, पासची भानगडच नसती तर तुझ्या पुढची माणसं संपायला एक तास लागला असता. आता शंभरातल्या २० जागा पासवाल्यांना दिल्या, तर तो तास ७५ मिनिटांचा होतो. चालेल, एवढं कुणाला कळतही नाही. ५० दिल्या तर दोन तास. त्या पोरानं मोजल्या तशा ६० दिल्या तर अडीच तास. आणि ८० दिल्या तर पाच तास! पहिल्या वीस जागांनी पंधरा मिनिटं वाढली. साठावरून ऐंशीवर जाताना त्याच वीस जागांनी अडीच तास वाढले. पोरं ओरडलीच. एरवी व्यस्त प्रमाण शिकवताना मला जांभया मोजाव्या लागतात.

तू इंजिनिअर आहेस, लगेच म्हणशील की पास नसता तर तेच लोक साध्या बारीत उभारले असते, मग फरक काय? फरक हा की ते माझ्या मागं उभारले असते. मी अकराला बारीत शिरलो, तू साडेअकराला आलास आणि माझ्या आधी बसलास. बारी म्हणजे दुसरं काय असतं? आधी आला तो आधी.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते तू समजतोस तितकं टोकाचं नाही. पास विकणं हा गुन्हा नव्हे. किती विकले आणि दर फेरीला किती जागा त्यांना दिल्या, हा खरा प्रश्न आहे, आणि नेमकं तेच साधं तिकीट काढणाऱ्याला कुणी सांगत नाही. तत्कालबद्दल आपण कितीही शिव्या घालू, खरं रेल्वेचा कोटा वेगळा ठेवलेला असतो आणि तत्कालवाला तुझ्या कन्फर्म सीटवर येऊन बसत नाही. इथं माझं कन्फर्म तिकीटच मागं मागं सरकत राहतं.

त्यात अजून एक गोम आहे. साधी बारी जितकी लांब, तितका पास जास्त खपतो. मंगळवारी पार्क मोकळं असताना कोण घेईल? म्हणजे ज्याच्या हातात बारी छोटी करायचं आहे, त्यालाच ती लांब राहिल्याचा फायदा. मुद्दाम करतात असं मी म्हणत नाही. पण दुकानदाराला असा मोह ठेवावाच कशाला?

गंमत म्हणजे हे सगळं सुरू झालं ते फुकटात. डिस्नेनं १९९९ मध्ये फास्टपास आणला तेव्हा त्याला पैसेच नव्हते. यंत्रात आपलं तिकीट घालायचं, परत यायची वेळ छापलेली चिठ्ठी घ्यायची आणि तोवर दुसरीकडं फिरायचं. ऐकायला किती गोड! पण जागा तेवढ्याच, आणि चिठ्ठी घेतलेली माणसं मधल्या वेळात जाऊन दुसऱ्याच राइडच्या बारीत उभारायची. शिवाय ज्याला युक्ती माहीत तो सकाळी सकाळी चिठ्ठ्या काढून मोकळा, आणि पहिल्यांदा आलेला बिचारा दुपारी यंत्रापुढं डोकं खाजवत. तेव्हा फुकट म्हणजे न्याय्य, असंही मी म्हणणार नाही. पुढं २०२१ मध्ये फ्लोरिडात त्याचंच पैसेवालं रूप आलं, सुरुवातीला माणशी दिवसाला १५ डॉलर, तेही सकाळी सातला मोबाइलवर पहिली वेळ पकडायची. २०२४ मध्ये प्रीमियर पास काढला, त्याचा भाव गर्दीच्या दिवशी एका पार्कला माणशी ४४९ डॉलरपर्यंत. पंचवीस वर्षांत फुकटातून इथवर. आपल्याकडं वंडरलाचा फास्टट्रॅक आहे, इमॅजिकाचा एक्सप्रेस आहे. आपण अजून वाटेवर आहोत.

आता तुझ्या आईचं. मेसेजच्या शेवटी तू हळूच म्हणालास, "आईचे गुडघे बघ की रे." हा तुझा सगळ्यात भक्कम मुद्दा, आणि तो तू शेवटी का ठेवलास कळत नाही. काकूंना उन्हात उभारायला लावावं असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्यासाठी पैसे का पडावेत? डिस्नेकडं अपंग पाहुण्यांसाठी एक कार्ड असायचं. न्यूयॉर्कच्या काही श्रीमंत कुटुंबांनी रांग चुकवायला अपंग माणसं पैसे देऊन सोबत नेल्याच्या बातम्या २०१३ मध्ये आल्या आणि बरीच बोंबाबोंब झाली. त्याच वर्षी ते कार्ड बंद करून त्यांनी नवी पद्धत आणली: बारी जेवढ्या वेळाची असेल तेवढ्यानं परत या, मधे उभं राहू नका. मला ही फार आवडली. थांबायचं सगळ्यांनी सारखंच, फक्त काकूंनी सावलीत बसून थांबायचं. मागचाही नाराज नाही आणि गुडघेही वाचले. आपल्याकडच्या पार्कांनी म्हाताऱ्या माणसांना आणि गरोदर बायकांना हे फुकट दिलं, तर तुझ्याशी माझं अर्धं भांडण तिथंच संपेल.

देवळातसुद्धा पैसे भरून लवकर दर्शन मिळतंच की, असं तू काढलंस म्हणून लिहितो. तिरुपतीला ३०० रुपयांचं विशेष दर्शन आहे, शेजारी फुकटचं सर्वदर्शनही आहे. आमच्या गल्लीतली निम्मी मंडळी पहिल्यातून जाऊन येतात आणि दुसऱ्यातल्या गर्दीचे फोटो पाठवतात. धर्मस्थळाला जानेवारी २०२५ मध्ये नव्या दर्शनरांगेच्या इमारतीचं उद्घाटन झालं, तेव्हा खुद्द त्या वेळचे उपराष्ट्रपती धनखड म्हणाले की व्हीआयपी दर्शन हे देवत्वाच्या कल्पनेविरुद्ध आहे. त्याच महिन्याच्या शेवटी सुप्रीम कोर्टापुढं व्हीआयपी दर्शनाच्या शुल्काविरुद्धची याचिका आली. देवळात अशी खास वागणूक नसावी असं कोर्टाचंही मत पडलं, पण आम्ही त्यावर आदेश देऊ शकत नाही म्हणून याचिका ऐकायला नकार. मत सगळ्यांचं एक आणि बारी जिथल्या तिथं.

मला पंढरपूरचं मात्र आवडतं. आषाढीला बारी पार गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत गेलेली असते, आणि मुख्यमंत्र्यांच्या बरोबरीनं शासकीय महापूजेला बसायचा मान बारीतल्या पहिल्या वारकरी जोडप्याला मिळतो. जोडपं कुणाच्या ओळखीचं म्हणून नाही, पैसेवालं म्हणून नाही, बारीत पुढं होतं म्हणून. (मुख्यमंत्री कुठल्या बारीतून येतात, ते विचारू नकोस.)

तसं बघितलं तर आपण बेळगावकर बारीबद्दल बोलायला लायक माणसं. सीमाप्रश्नाच्या पाळीला १९५६ पासून उभारलोय, २००४ पासून तर सुप्रीम कोर्टाच्या दारात. तिथं एक्सप्रेस पास मिळत असता तर वर्गणी काढून घेतला असता बघ, आणि तेव्हा मी तुला असलं एक अक्षर लिहिलं नसतं.

पासच्या पैशांमुळं साधं तिकीट स्वस्त राहतं, हा तुझा राहिलेला मुद्दा. असेलही. राइड सांभाळायला खर्च प्रचंड येतो, पावसाळ्यात गिऱ्हाईक नसतं, ते मला कळतं. पण मग तसं गेटवर लिहा की: आज इतकेच पास, दर फेरीत वीसातल्या चारपेक्षा जास्त जागा पासवाल्यांना नाहीत. पाटी वाचून मी तिकीट काढलं तर पुढची तक्रार माझी मला. माझ्या पोरांनी अशी पाटी वाचली असती, तर ती साखळी उचलणाऱ्या मुलाकडं बघून मोजत बसली नसती. ती वीसातल्या चारांचं गणित करून गप्प राहिली असती, आणि तो आठवीतला दर गाडीला चारच जातात की नाही हे तपासत राहिला असता.

वहिनींना सांग, कुंदा पाठवला आहे, येणाऱ्या माणसाच्या हाती. वाटेत त्यानं खाल्ला नाही तर पोचेल. काकूंना नमस्कार.

आणि एक काम आहे. यंदाची सहल मी मधल्या वारी न्यायची म्हणतोय. मुख्याध्यापकांना अर्ज दिलाय, शाळा बुडते म्हणून ते कुरकुरताहेत. तू तिकडं जवळ आहेस, तर पार्कच्या ऑफिसात एकदा जाऊन शाळेच्या गटाचा मंगळवार-बुधवारचा दर विचारून ये. आणि विचारतोयस तर हेही विचार, की त्या दिवशी पास किती विकतात. सांगतील असं वाटत नाही, पण तुझं बोलणं गोड आहे. दर लेखी घे, तोंडी नको. पंधरा तारखेच्या आत कळव, पालकांची सभा त्यानंतर लगेच आहे.

तुझा,
मास्तर