समानार्थी शब्द पाठ नकोत, वापरात हवेत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी सुरू झाली की आमच्या कराड तालुक्यात घराघरांतून एक घोष ऐकू येतो : ‘पाणी – जल, नीर, तोय, उदक, सलिल, अंबु, जीवन.’ मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. आजही गल्लीतली मुलं संध्याकाळी आमच्या सोप्यात, म्हणजे घराच्या ओसरीत, सरावाला बसतात. त्यांच्या वह्या रोज पाहते, म्हणून हे पत्र.

पालकांना आणि शिक्षकांना मी दोष देत नाही. पहिल्या पेपरात दीड तासात 75 प्रश्न सोडवायचे असतात. त्यांत प्रथम भाषेचे 25, बाकीचे गणिताचे. गणितात वेळ जातो. समानार्थी शब्दाचा प्रश्न म्हणजे काही सेकंदांत पदरात पडणारे हुकमी दोन गुण. साहजिकच याद्या करून घेतल्या जातात आणि मुलं त्या सुरात म्हणतात. पण त्यातला एखादा शब्द वाक्यात घालून दाखव म्हटलं की तीच मुलं गप्प होतात.

मागे एका खासगी सराव-संचात प्रश्न होता : ‘रान’ या शब्दाचा समानार्थी शब्द ओळखा. पर्यायांत शेतही होतं आणि अरण्यही. एका मुलीनं शेतावर खूण केली आणि उत्तरसूचीनं ती चूक ठरवली. तिच्या घरी रोज ‘आई रानात गेलीय’, ‘रानात पाणी सोडलंय’ असंच बोललं जातं. साताऱ्याकडच्या शेतकऱ्याच्या घरात रान म्हणजे शेतच. ‘बाई, मग आमच्या घरातलं चुकीचं आहे का?’ असं तिनं विचारलं. तिचं काहीही चुकलेलं नव्हतं. प्रश्नच अर्धा होता. ‘वाघ रानात शिरला’ असं वाक्य दिलं असतं तर तिनं न अडखळता अरण्य निवडलं असतं. दहा वर्षांच्या मुलीला आपल्या आईच्या बोलण्याविषयी शंका यावी, याचं मला फार वाईट वाटलं. विदर्भातल्या, खानदेशातल्या, कोकणातल्या मुलांवरही अशी वेळ येत असणार. शेतजमिनीसाठीची वावर, शिवार, मळा, कुणगा अशी त्यांच्या घरची शब्दसंपत्तीही वेगळीच असते.

यादीतले बरेचसे शब्द संस्कृत कोशपरंपरेतून आलेले आहेत. अमरकोश या समानार्थी शब्दांच्या जुन्या संस्कृत कोशात पाण्याच्या नावांचा जो श्लोक आहे, त्यात सलिल, जल, पय, जीवन यांच्या जोडीला कमल, अमृत आणि वन हे शब्दही पाण्यासाठीच दिले आहेत. कवीला वृत्तात बसेल असा, हव्या तेवढ्या मात्रांचा शब्द लागायचा. त्याच्या ते उपयोगाचं होतं. शाळकरी मुलाला मात्र ‘जीवन’ म्हणजे पाणी असं नुसतं सांगून सोडून दिलं तर तो गोंधळतो.

हे शब्द शिकवूच नयेत, असं माझं बिलकूल म्हणणं नाही. उलट ते नीट शिकवले तर मुलांना त्यांची अक्षरशः गोडी लागते. आमच्या सोप्यातली रीत सांगते. फळ्यावर एका बाजूला जल, नीर, अंबु, वारि हे चार शब्द लिहायचे. दुसऱ्या बाजूला तीन शेपट्या : ‘ज’ म्हणजे जन्मलेला, ‘द’ म्हणजे देणारा, ‘धी’ म्हणजे साठवून ठेवणारा. आता जोडा. पाण्यात जन्मलं ते जलज, नीरज, अंबुज, वारिज, म्हणजे कमळ. पाणी देतो तो जलद, नीरद, अंबुद, वारिद, म्हणजे ढग. पाणी साठवतो तो जलधी, नीरधी, अंबुधी, वारिधी, म्हणजे समुद्र. बारा शब्द झाले आणि पाठ काहीच करावं लागलं नाही. जलज आणि जलद या जोडीत परीक्षेत हमखास घोटाळा होतो, तोही पुन्हा होत नाही. वर्गात नीरज नावाचा मुलगा असला तर त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो! मग ‘पंक म्हणजे चिखल’ एवढंच सांगितलं की पंकज मुलंच सोडवतात. पादप म्हणजे पायांनी पिणारा, म्हणून झाड, हे कळल्यावर एकजण लगेच म्हणाला, ‘म्हणजे मुळं हे त्याचे पाय!’

सूर्याचंही तसंच. ‘सूर्य – मित्र’ हे यादीत वाचून मुलं हमखास अडतात. शाळेत सूर्यनमस्कार घालताना पहिलाच मंत्र ‘ॐ मित्राय नमः’ असतो, याची आठवण करून दिली की पुरे. त्या बारा मंत्रांत रवी, भानू, आदित्य, अर्क, भास्कर हे सगळे भेटतात. रोज सकाळी ही नावं म्हणणाऱ्या मुलांना संध्याकाळी तेच शब्द वहीत परके वाटावेत, हे आपल्या शिकवण्यातलं तुटलेपण आहे.

दुसरी गोष्ट, समान अर्थाचे शब्द एकमेकांच्या जागी जसेच्या तसे बसत नाहीत. नेत्रदान म्हणतात, लोचनदान म्हणत नाहीत. साथीत डोळे येतात, नयन येत नाहीत. तोंडाला पाणी सुटतं, जल सुटत नाही. मी मुलांना मुद्दाम चुकीचा शब्द घालून वाक्य वाचायला लावते. ‘आजोबांच्या लोचनांत औषध घातलं’ म्हटलं की सगळी हसतात. का हसलात, असं विचारलं की कुठला शब्द कवितेतला, कुठला दवाखान्यातला, कुठला घरातला हे तीच सांगू लागतात. हा सराव कुठल्याही घरी स्वयंपाक करता करता होऊ शकतो, त्याला मार्गदर्शक पुस्तक विकत आणावं लागत नाही.

म्हणून ही परीक्षा घेणाऱ्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेला आणि प्रश्न काढणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. सुटा शब्द देऊन त्याखाली चार पर्याय देण्यापेक्षा, अधोरेखित शब्द असलेलं एक वाक्य द्या. जवाहर नवोदय विद्यालयाच्या प्रवेशासाठी होणाऱ्या निवड चाचणीत भाषेचे प्रश्न उताऱ्यांवरच असतात आणि शब्दाचा अर्थही त्या उताऱ्याच्या आधारानं ओळखायचा असतो. मग शिष्यवृत्तीत हे अवघड का असावं? शिवाय पर्याय ठरवताना तो शब्द राज्याच्या चारही बाजूंना कसा बोलला जातो, हे वेगवेगळ्या भागांतल्या शिक्षकांकडून तपासून घ्यावं. सराव-संच छापणाऱ्यांनी तर हे आजपासून करायला हरकत नाही.

पालकांनाही एक सांगायचं आहे. परीक्षेनंतर परिषद अंतरिम उत्तरसूची जाहीर करते आणि त्यावर आक्षेप मागवते. गणिताच्या उत्तरांवर पालक बारकाईनं नजर ठेवतात, भाषेच्या पानाकडे मात्र फारसं कुणी वळत नाही. तुमच्या भागात रूढ असलेला, शब्दकोशातही सापडणारा अर्थ चूक ठरवला गेला असेल, तर कोशातल्या नोंदीचा आधार देऊन मुदतीत आक्षेप जरूर नोंदवा.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
ता. कराड, जि. सातारा